बोल कोणासाठी?

गेल्या माघात या मासिकाच्या संपादकांचा निरोप आला, की महाराज, सप्ताहातले तुमचे कीर्तन आमच्या वाचकांसाठी लेख करून द्यावे. आम्ही मनात म्हटले, यात अवघड ते काय? कीर्तन तर झालेलेच आहे. आमच्याजवळ शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने ते मोबाइलमध्ये धरूनही ठेवले आहे. ऐकून उतरून काढले की लेख तयार. त्या बिचाऱ्याने चार दिवस बैठक मारून शब्द न् शब्द उतरून काढला. तीसएक पाने झाली. ती रात्री निवांतपणे वाचावयास घेतली, आणि वाचकहो, दुसऱ्या पानावरच आम्हांस आमची लाज वाटू लागली.

एकच दृष्टान्त तीन वेळा आलेला. ‘अहो ऐका’, ‘काय सांगावं’, ‘बघा बरं का माउली’ यांची तर गणतीच नाही. मध्येच एक वाक्य अर्धे सोडून दिलेले, कारण तेथे टाळकऱ्यांनी चाल उचलली होती. आम्ही विद्यार्थ्यावर रागावलो, “असं कुठं बोललो रे आम्ही?” त्याने काही न बोलता मोबाइल लावला. बोललो होतो, अगदी तसेच.

मग विचार करू लागलो. सप्ताहातले कीर्तन रात्री नऊला उभे राहते. त्या वेळी मंडपात निम्मी माणसे असतात. बायाबापड्या भांडीकुंडी आवरून साडेनऊला येतात. आमच्या भागात शेतीच्या मोटारीला वीज पुष्कळदा रात्रीचीच मिळते. तेव्हा कोणी पाणी लावून येतो, कोणी मध्येच उठून पाणी फिरवून येतो. पहिला दृष्टान्त ज्याने ऐकला तो एक, दुसऱ्यांदा ज्याने ऐकला तो दुसरा. म्हणून तोच दृष्टान्त पुन्हा सांगावा लागतो, आणि ज्याने आधी ऐकला आहे त्यालाही तो जडच जात नाही, कारण मध्ये मृदंग वाजलेला असतो, नामाचा गजर झालेला असतो, त्याचे मन एक फेरी मारून परत आलेले असते. कागदावर मात्र मृदंग वाजत नाही. वाचणारा उशिरा येत नाही, पाणी लावावयासही जात नाही; आणि गेला तरी पुस्तक त्याची वाट पाहत त्याच ओळीवर थांबलेले असते. म्हणजे कीर्तनात जे दयेने केले, तेच कागदावर कंटाळवाणे झाले. दोष बोलण्याचाही नव्हता आणि कागदाचाही नव्हता. एका भांड्यातले दुसऱ्या भांड्यात ओतताना आम्ही भांड्याकडे पाहिलेच नव्हते, इतकेच.

ही झाली हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट. दुसरी तशी नाही, आणि खरे म्हणजे हा लेख तिच्याचसाठी लिहावयास घेतला आहे.

जिंतूर तालुक्यातल्या एका गावी आमचे पुष्कळ वर्षांचे जाणे-येणे आहे. तेथील विणेकरी आमचा जुना गडी. बालपणापासून एका ताटात जेवलेले आम्ही; त्याने आम्हांला काही बोलावे, आम्ही त्याला काही बोलावे, गाव हसते आणि आम्हीही हसतो. त्याने मुलीच्या लग्नासाठी काळ्या मातीचे तीन एकर विकले. पुढच्या सप्ताहात आमचे कीर्तन लौकिकाच्या हव्यासावर होते. बोलता बोलता वीणा घेऊन उभ्या असलेल्या त्याच्याकडे आम्ही हात केला आणि म्हणालो, “आमचे विणेकरी पाहा. तीन एकर माती विकली अन् दोन दिवसांच्या मांडवाला लावली. मांडव उतरला, माती गेली. आता हातात राहिला फक्त वीणा!” मंडप खदखदून हसला. विणेकरीही हसला. मग आम्ही थांबलो, आणि ज्यासाठी हे सारे बोललो होतो ते बोललो: “हसलात ना? आता सांगा, त्या मांडवात जेवायला कोण कोण होतं? जिलबी कमी पडली म्हणून कुरकुरलं कोण? या माणसाची माती आपण सगळ्यांनी पंगतीला बसून खाल्ली आहे.” मंडपात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता झाली. त्या रात्री दोन-तीन कर्ती माणसे भेटून गेली, की महाराज, आता गावात साधी लग्ने करण्याचे ठरवितो. आमचे काम झाले असे आम्हांस वाटले.

कोणी तरी त्या कीर्तनाचा पाऊण मिनिटाचा तुकडा कापला. तुकडा कोठे संपतो? ‘आता हातात राहिला फक्त वीणा’ येथे, हशावर. वर गाणे जोडले, खाली हसऱ्या तोंडांची चित्रे टाकली, आणि तो या मोबाइलमधून त्या मोबाइलमध्ये फिरू लागला. फिरत फिरत तो त्या मुलीच्या सासरी पोहोचला. दिराने जेवताना तो लावला आणि म्हणाला, “वहिनी, तुमचे बाबा परसिद्ध झाले.” सगळे घर हसले. ती पोर आत जाऊन रडली.

हे आम्हांला दोन महिन्यांनी कळले. विणेकऱ्याने सांगितले नाही; त्याच्या घरच्यांनी सांगितले. आम्ही तिच्या सासरी गेलो. ती पाया पडली, चहा ठेवला. आम्ही हात जोडले तशी ती संकोचली. म्हणाली, “महाराज, तुम्ही वाईट नाही बोललात, मला ठाऊक हाय. पुढचं समदं बाबांनी सांगितलं मला. पण म्या तिथं नव्हते ना.”

‘म्या तिथं नव्हते.’ आम्ही पाठशाळेत बारा वर्षे घालविली; न्याय शिकलो, मीमांसेची प्रकरणे घोकली. शब्दाचा अर्थ कसा होतो यावर जे काही तेथे पढलो, ते त्या पोरीने चुलीजवळ उभी राहून चार शब्दांत सांगितले.

शास्त्रकार म्हणतात, कोणताही ग्रंथ हाती घेण्यापूर्वी त्याचे चार अनुबंध पाहावेत: विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. काय सांगावयाचे, कशासाठी, सांगणे आणि ग्रंथ यांचे नाते काय, आणि ते कोणाला सांगावयाचे. ग्रंथाच्या आरंभी हे चारही दिसले पाहिजेत. न दिसतील तर शहाण्याने ग्रंथ मिटवावा. मीमांसक पुढे सांगतात, की वाक्याचे तात्पर्य ठरवावयाचे तर त्याचा उपक्रम आणि उपसंहार, म्हणजे आरंभ आणि शेवट, दोन्ही मिळून पाहावे. मध्यातला तुकडा घेऊन निर्णय करू नये. शिवाय कोणते वाक्य विधी आहे आणि कोणता नुसता अर्थवाद, म्हणजे गोडी लावण्यासाठी वा धाक घालण्यासाठी बोललेला, हेही ओळखावे. आणि ते जुने सैंधवाचे उदाहरण तर पाठशाळेतल्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही येते. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधुदेशीचा घोडा. जेवताना मालकाने सैंधव मागितले तर मीठ आणावे. प्रवासाला निघताना मागितले तर घोडा. शब्द एकच. पानावर बसलेल्या माणसापुढे घोडा आणून उभा केला तर चूक शब्दाची म्हणावी काय?

आमच्या पाऊण मिनिटाच्या तुकड्याने नेमके हेच केले. उपसंहार कापला, अर्थवाद तेवढा ठेवला, आणि जेवणाऱ्यांच्या पानापुढे घोडा उभा केला.

एवढ्यावर थांबलो असतो तर सगळा दोष कापणाऱ्याच्या पदरात टाकून आम्ही मोकळे झालो असतो. काही दिवस तसे मानलेही. पण त्या चार अनुबंधांतला शेवटचा शब्द काट्यासारखा सलू लागला: अधिकारी.

पाठशाळेत आम्हांला अधिकारी म्हणजे ऐकण्यास योग्य कोण, असे शिकविले. गीतेच्या शेवटच्या अध्यायातही भगवंत सांगतात, की हे तपहीनाला, अभक्ताला, ज्याला ऐकण्याची इच्छा नाही त्याला सांगू नये. आणि गंमत पाहा, तीच गीता महाभारतात दोघे जण ऐकत आहेत. रणांगणावर अर्जुन ऐकतो. हस्तिनापुरात बसून संजयाच्या तोंडून धृतराष्ट्र ऐकतो. शब्द तेच, सातशे श्लोक तेच. अर्जुनाचा मोह जातो. धृतराष्ट्राचा काहीच जात नाही; त्याला आपले पोर जिंकते की नाही एवढेच हवे असते. अर्जुनाने प्रश्न विचारला होता, रडला होता, धनुष्य खाली टाकले होते. ते सांगणे त्याच्या मापाने बेतलेले होते. धृतराष्ट्रापर्यंत आली ती नुसती वार्ता.

यावरून कोणी म्हणेल, बरोबर आहे, म्हणूनच अनधिकाऱ्याला सांगू नये, दार लावून घ्यावे. शेकडो वर्षे तसे केलेही गेले. बाईला नाही, शूद्राला नाही, ज्याला संस्कृत येत नाही त्याला नाही. वारकऱ्याला हे कसे पटावे? ज्या गंगाखेडच्या मातीत जनाबाई जन्मली त्या परभणी जिल्ह्यात बसून आम्ही हे लिहितो. परक्या घरी दळणकांडण करणारी पोर त्या जुन्या व्याख्येने कशाचीच अधिकारी नव्हती. आज तिच्या नावे साडेतीनशेच्या आसपास अभंग गाथ्यांतून छापलेले आहेत, आणि मोठमोठे शास्त्री तिचा चरण प्रमाण म्हणून घेतात.

संतांनी अधिकाराचे ओझे ऐकणाऱ्याच्या खांद्यावरून काढून सांगणाऱ्याच्या खांद्यावर ठेवले, असे आम्हांस दिसते. तू योग्य आहेस काय, हे ते श्रोत्याला विचारीत नाहीत. तुझ्या योग्य मी बोललो काय, हे ते स्वतःला विचारतात. ज्ञानोबारायांचेच पाहा. नेवाशाला शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये त्यांनी गीतेवर निरूपण केले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले. आहे ग्रंथ, पण त्याचा जीव आहे सभेचा. समोर निवृत्तिनाथ बसलेले आहेत, संतमंडळी बसलेली आहेत. महाराज मध्येच त्यांच्याकडे वळतात, लेकराच्या बोबड्या बोलांची क्षमा मागतात, विषय सोडून फार लांब गेलो म्हणून स्वतःला आवरतात. सातशे श्लोकांच्या नऊ हजारांवर ओव्या झाल्या त्या याचमुळे. ऐकणाऱ्याला एक उपमा पुरत नाही, दुसरी द्यावी, तिसरी द्यावी. कोणाला गाईवासराची पटेल, कोणाला दिव्याची. तेच महाराज अमृतानुभव लिहितात तेव्हा ती सभा नाही. वाट पुष्कळ चाललेल्यासाठी ते बोलणे आहे. तेथे ओव्या आठशेच्या आसपास, आणि एकेक ओवी चणे चावावे तशी चावावी लागते. हरिपाठ पाहावा तर सत्तावीस-अठ्ठावीस अभंग, शेत निंदताना तोंडी यावेत इतके सोपे. संध्याकाळी टाळ घेऊन उभे राहिले की अक्षरशत्रू माणूसही न अडता म्हणतो. आमच्या आजीला अक्षर येत नव्हते. तिचा हरिपाठ कधी चुकला नाही.

आणि चांगदेवांची कथा तर आपणां सर्वांस ठाऊक आहे. संप्रदायात सांगतात, की चांगदेव पत्र लिहावयास बसले आणि मायन्यावरच अडले. वयाने ज्ञानदेव लहान, म्हणून चिरंजीव लिहावे. ज्ञानाने थोर, म्हणून तीर्थरूप लिहावे. काय लिहावे ते ठरेना, तेव्हा कोरा कागदच धाडला. आपण हसतो. पण आम्हांस आता वाटते, चांगदेव निदान अडले तरी! आपण कोणाला लिहीत आहोत हे ठरल्याशिवाय पहिला शब्दही उमटत नाही, हे त्यांच्या हाताला कळले होते. आम्ही मात्र पाऊण मिनिटात कोठे कोठे जाणार, कोण कोण ऐकणार, हे न ठरविता धडाधड बोललो. त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर गेले. ते पत्र आहे, म्हणून ते एकाच माणसाशी बोलते. त्यात सभेचे ‘ऐका’ नाही. आणि तरी आज ते आपण सगळे वाचतो, आणि ते आपल्यालाच लिहिले आहे असे वाटते. असे कसे होते, हे कोडे आम्हांस अजून नीट उलगडलेले नाही.

नाथबाबांची तऱ्हा आणखी निराळी. काशीत बसून शके १४९५ म्हणजे १५७३ साली भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका त्यांनी पुरी केली. तेथे शब्द शास्त्र्यांच्या तराजूत तोलून घातलेला. आणि तेच नाथ पैठणच्या वाळवंटात उभे राहिले की जोशी होतात, वासुदेव होतात, विंचू चावलेली बाई होतात. त्यांच्या भारुडांत अर्जदस्त आहे, जाबचिठ्ठी आहे, ताकीदपत्र आहे, अभयपत्र आहे. कचेरीत चालणारे कागद, त्यांचे फारसी शब्द, त्यांचे वळण, सगळे जसेच्या तसे. आणि आत देह नावाचे गाव, त्यातले कामक्रोध नावाचे लुटारू. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. हिशेबातली एक पै सापडेपर्यंत रात्र जागविलेला हा शिष्य, त्याला कचेरी आतून ठाऊक होती. पण तो साज त्यांनी स्वतःच्या हौसेसाठी चढविला नाही. समोर बसलेला कुणबी त्या कागदांना भीत होता. आमचे आजोबा सांगत, की निजामाच्या राज्यात, म्हणजे १९४८ पर्यंत, तहसिलीतून उर्दूतला कागद आला की घरातली माणसे जेवत नसत. जो वाचून दाखवील त्याच्या दारी जाऊन बसत. वाचणारा ‘काही विशेष नाही’ म्हणाला की मग घास उतरे. साडेतीनशे वर्षे आधी नाथांनी त्याच भिणाऱ्या माणसाच्या हातात कागदाचे तेच रूप दिले आणि आत लिहिले अभय. तोच मजकूर त्यांनी भागवताच्या टीकेसारखा सांगितला असता तर कुणब्याने मान डोलावून घरी जाऊन विसरला असता. आणि अर्जदस्त काशीच्या पंडितांपुढे ठेवली असती तर त्यांनी थट्टा समजून बाजूला सारली असती.

याच नाथांची दुसरी एक गोष्ट मात्र आम्हांस जपून ठेवावीशी वाटते. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या हातोहात उतरविता उतरविता तीनशे वर्षांत बिघडल्या होत्या. कोणी ओवी गाळली, कोणी आपली घुसडली. शके १५०६ म्हणजे १५८४ साली नाथांनी पोथ्या ताडून पाठ शुद्ध केला, आणि यात आपली ओवी घालू नका असे कडक बजावले. भारुडात शंभर सोंगे घेणारा माणूस येथे एका अक्षराचेही स्वातंत्र्य घेत नाही. स्वतःचा बोल श्रोत्यासाठी हवा तसा वाकवावा, दुसऱ्याचा बोल वाकवू नये, अशी त्यांची मर्यादा दिसते. तुकडे कापणाऱ्या पोरांना हे सांगावेसे वाटते. पण ती पोरे हा लेख वाचणार नाहीत, तेव्हा हे वाक्य बहुधा वायाच गेले.

जात्यावरच्या ओव्यांविषयी थोडे. जनाबाईच्या जात्याला विठोबा हात लावीत असे, असे आपण गातो. ती कथा खरी की कल्पित या वादात आम्ही पडत नाही. पण पहाटे अंधारात दळणारी बाई गाते तेव्हा समोर कोणी नसते, हे खरे. मंडप नाही, टाळकरी नाहीत, दक्षिणा नाही. हात जात्याच्या खुंट्याला, गाणे त्या फेऱ्याच्या लयीला. धाप लागते तेथे ओवी संपते. सासूविषयी जे मोठ्याने बोलता येत नाही ते त्या घरघरीखाली बोलता येते. पुढे गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून हिंडून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या, काही ध्वनिफितीवर घेतल्या. मोठे पुण्याचे काम. गिरण्या आल्या, जाती उकिरड्यावर गेली. ओव्या राहिल्या त्या अशा लोकांमुळे. तरी एक प्रश्न मनात येतोच. जे कोणीच ऐकत नाही म्हणून बोलले, ते सर्वांनी ऐकले तर त्याचे काय होते? आमच्या आईने जात्यावर काय काय म्हटले असेल, ते आज ऐकावयास मिळाले तर आम्ही ऐकू काय? ऐकू, असे वाटते. तिला विचारता आले असते तर बरे झाले असते.

तुकोबांचेही हेच. सरकारी साहाय्याने त्यांची गाथा मुंबईस इंदुप्रकाश छापखान्यात १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत छापली गेली. वह्यांतले अभंग क्रमांक लावून ओळीने उभे राहिले. उपकार केवढे! पण वहीत नि कीर्तनात त्या अभंगाला जे भोवताल होते, कोणावर रागावून निघाला, कोणाला जवळ घेऊन निघाला, रात्री एकट्याने रडून निघाला, ते क्रमांकाला सांगता येत नाही. म्हणून नवशिका कीर्तनकार कठोर अभंग घेतो आणि समोरच्या गरीब माणसावर झोडतो. महाराजांनी तो कदाचित स्वतःलाच म्हटला असेल! चरण आम्ही येथे देत नाही. कोणते अभंग ते वारकऱ्याला न सांगता कळेल.

असो. विषय लांबला. त्या पोरीकडे परत येतो.

पुष्कळ फडांवर आता कीर्तनाआधी सांगतात, मोबाइल बंद ठेवा. आमच्याही मनात तसेच आले होते. एका गावी सांगूनही पाहिले. दुसऱ्याच दिवशी एक म्हातारी भेटली. तिचा मुलगा नि सून कारखान्यावर ऊसतोडीला गेलेली. रात्री पालात बसून ती दोघे गावचे कीर्तन मोबाइलवर ऐकतात. ती म्हणाली, “काल लेकराला काहीच आलं न्हाई, महाराज. काय झालं व्हतं?” आम्ही काय सांगणार? जुन्या पाठशाळेने लावलेले दार आम्ही नव्या कुलपाने पुन्हा लावीत होतो. ज्येष्ठ-आषाढात शेगावची पालखी परभणी, गंगाखेडवरून जाते तेव्हा ज्यांचे पाय थकले आहेत ती माणसे अंथरुणावर पडून त्याच यंत्रात तिचे दर्शन घेतात. त्यांना काय नाही म्हणावे?

तेव्हा बंदी सोडून दिली. एकच केले. उभे राहण्यापूर्वी, विणेकऱ्याच्या पाया पडताना, मनात त्या पोरीला मंडपाच्या शेवटच्या रांगेत आणून बसवितो. तिचा बाप समोर, ती मागे, आणि आम्ही बोलतो आहोत. कोणाकडे हात करून बोलण्यापूर्वी आता त्याला आधी विचारतो. त्या वेळी आमच्या गड्याला विचारले नव्हते, आणि सगळे गाव आपले आहे या भरवशावर तो हशा पिकविला होता. कापणाऱ्याने शेवट कापला, खरे. पण ज्याला शेवट कापून विष करता येईल असा तुकडा घडविला आम्हीच. उपसंहार येईपर्यंत उपक्रमाने कोणाचा जीव घेऊ नये, एवढे तरी आमच्या हातात होते.

याची किंमतही पडते, ती लपवीत नाही. पूर्वी आमचे बोलणे झोंबत असे. आता जुने श्रोते म्हणतात, “महाराज, पहिल्यासारखा चटका बसंना.” गावातल्या गावात, ओळखीच्या तोंडावर बोलता येत होते ते खरे-खरे, कडू-कडू, आता जपून बोलावे लागते, आणि जपून बोललेले पुष्कळदा कोणालाच लागत नाही. ज्या कीर्तनानंतर ती कर्ती माणसे भेटावयास आली होती, तसे कीर्तन त्यानंतर आमच्या हातून झालेले नाही. सर्वांना सोसेल असे बोलावे, की समोरच्या दोनशे माणसांना लागेल असे बोलावे? एखाद्या रात्री एक बरोबर वाटते, एखाद्या रात्री दुसरे.

संपादकांना ती तीस पाने पाठविली नाहीत. त्यांऐवजी हे लिहिले, आणि हे लिहितानाही तीच अडचण आली. आमचा गडी विणेकरी, त्याला अक्षर येत नाही. अंक आला की तो बगलेत मारून आमच्याकडे येतो आणि ओसरीवर बसून वाचून घेतो. त्याचे नाव, गावाचे नाव येथे घातलेले नाही. मुलीच्या सासरचे काही गाळले आहे, आणि तिचे शब्द तिला विचारून घेतले आहेत. तिने एकच अट घातली, की बाबांना आधी वाचून दाखवा. काल संध्याकाळी दाखविले. जिलबीच्या ओळीला तो हसला. पुढे दिराचा उल्लेख आला तेथे त्याने हात वर केला, आम्ही थांबलो. बराच वेळ तो वीणा पुसत बसला. मग म्हणाला, “वाचा.”